घोंगडीमागचा साहेब

चि. अनू आणि चि. मिलिंद,

मिलिंदचं पत्र पोचलं. त्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक खास वर्ग असतो, नोकरी मागायला गेल्यावर आत कसं जावं, समोरच्याचा हात किती वेळ हातात धरावा, खुर्चीत कसं बसावं हे सगळं तिथे शिकवतात, आणि "आजी, असलं काही तुमच्या काळी नव्हतं ना?" असं त्यानं शेवटी विचारलं आहे. होतं. आमच्या घरासमोरच होतं. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर काही दिवस लिहिण्यावाचण्याला बंदी. म्हणून जे लिहायचं राहिलं आहे त्याची मी यादी केली, आणि यादीत हे सगळ्यात वर आलं. क्रमानं सांगते. मध्येच कंटाळलात तर उठून पाणी पिऊन या, पण शेवटपर्यंत वाचा.

सबंध सोलापुरात साहेबाच्या खोलीत कसं शिरावं हे पुरतं जाणणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो स्वतः साहेबाच्या खोलीत आयुष्यात दोनदाच गेला होता. एकदा नोकरीला लागताना आणि एकदा पेन्शनीत निघताना. आम्ही त्यांना बारनिशीकाका म्हणत असू. सरकारी कचेरीत येणारा आणि तिथून जाणारा प्रत्येक कागद ज्या टेबलावर नोंदला जातो त्याला बारनिशी म्हणतात, आणि काकांनी त्या टेबलामागे तीस वर्षं काढली होती. टेबल होतं साहेबाच्या दाराच्या बरोबर समोर. तीस वर्षं काकांनी माणसं आत जाताना पाहिली आणि बाहेर येताना पाहिली. आत काय होई ते त्यांना कधी दिसलं नाही. "दिसायची गरज काय?" ते म्हणत. "आत जाताना माणसाची पाठ बोलते, बाहेर येताना तोंड बोलतं. मधलं काय ते पट्टेवाल्यालाही सांगता येईल." पेन्शनीच्या दिवशी साहेबानं त्यांना आत बोलावून दोन चांगले शब्द काढले, आणि काका त्या आनंदात साहेबाकडे पाठ करून बाहेर आले. हे त्यांच्या लक्षात आलं ते थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथून परत जाऊन माफी मागावी का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला असं काकू सांगत. माफी मागायला जावं तर पुन्हा आत जायला कारण काय सांगायचं, हा पेच सुटेना. त्याच आठवड्यात त्यांनी वर्ग काढला.

वर्ग म्हणजे काकांची ओसरी. फी नाही, बाकं नाहीत, फळा नाही. मॅट्रिक झालेली किंवा मॅट्रिकला बसून उठलेली मुलं बार्शीहून, माढ्याहून, पार अक्कलकोटच्या बाजूनं सोलापुरात नोकरी शोधायला येत. कुणाच्या तरी ओळखीनं ती काकांकडे पोचत. पूर्व भागातल्या विणकरांची तेलुगू बोलणारी मुलंही येत. संध्याकाळी पाचला ओसरीवर दहाबारा जण मांडी घालून बसत आणि काका उभ्यानं शिकवत. साहेबाच्या खोलीला दार हवं, म्हणून त्यांनी ओसरीच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधून तिच्यावर एक काळी घोंगडी टाकली होती. ती घोंगडी माढ्याकडच्या सिदू नावाच्या मुलानं आणलेली. त्याच्या घरी मेंढरं होती, घोंगडी त्याच्या आजीनं विणलेली होती, आणि वर्गाला फी नाही म्हटल्यावर तो म्हणाला होता, "फी न्हाय तर न्हाय, पर कायतरी घ्या की काका. रिकाम्या हातानं शिकलेलं टिकत न्हाय."

घोंगडीच्या मागे एक खुर्ची. त्या खुर्चीवर साहेब. आणि साहेब म्हणजे मी.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. मडमांच्या शाळेत जात होते, त्यामुळे माझं इंग्रजी त्या गल्लीत सगळ्यात स्वच्छ, आणि साहेब इंग्रजीत बोलणारच. काकांनी माझ्या बाबांकडे येऊन रीतसर परवानगी मागितली. बाबा वकील, त्यांनी हसत हसत दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घोंगडीमागे बसून "कम इन" म्हणू लागले. एप्रिल-मेमध्ये लोकरीच्या घोंगडीमागे बसलेला साहेब घामानं निथळायचा, पण जागा सोडायची नाही. मी खुर्चीवर आहे तोवर काका मला अहोजाहो करत, "साहेबांनी आता रागवावं" अशी विनंती करत. मी खाली उतरले की लगेच, "ए पोरी, पळ घरी, आई केव्हाची हाका मारतेय." घोंगडीमागून मला कुणी दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. कोण घाबरला आहे, कोण ओठांत काही पुटपुटतो आहे, कोण नाक ओढतो आहे, ते मला न बघता कळायचं.

काकांचे नियम पुष्कळ होते. सगळे लिहायचे म्हटले तर ऑपरेशनची तारीख उलटून जाईल. पहिला नियम डोकं आणि पाय यांचा. "पायात बूट असेल तर टोपी हातात घ्यायची. पायात जोडा असेल तर जोडा दारात, पगडी डोक्यावर. दोन्ही ठेवलंत तर उद्धट दिसाल, दोन्ही काढलंत तर भिकारी. मधे राहा." हा 'मधे राहा' त्यांचा लाडका शब्द. आवाज मधला, पाऊल मधलं, नमस्कार मधला. दुसरा नियम उत्तराचा. साहेबानं काही विचारलं तर दोन वाक्यं बोलायची. पहिल्यात उत्तर, दुसऱ्यात आदर. "आणि तिसरं?" असं एकानं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "तिसऱ्या वाक्यात माणूस मूर्ख ठरतो. मी समोर बसून ऐकलंय, दार उघडं राहिलं की तिसरंच वाक्य बाहेर येतं."

तिसरा नियम शेंगाच्या चटणीचा. भेटीच्या आधी दोन दिवस चटणी बंद, कारण लसूण. "तुमच्या आधी तो आत जातो आणि तुमच्या नंतर बाहेर येतो." या नियमावर वर्गात बंड झालं. खानावळीत आणि खोल्यांवर राहणारी ती मुलं, भाकरीबरोबर दुसरं काय खाणार? सिदूनं तोंड वाईट करून विचारलं, "मग काका, गुळासंगं भाकर खाऊ का काय दोन दिस? उपास सुटल्यागत वाटंल की." काका शांतपणे म्हणाले, "नोकरी लागली की आयुष्यभर चटणी खा. दोन दिवसांचाच प्रश्न आहे." आतून काकू ओरडल्या, "आणि नोकरी नाही लागली तर?" काका म्हणाले, "तर चटणीच खावी लागेल." काकूंना या वर्गाचा राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं. त्या माझ्या आईजवळ म्हणत, "आमच्या घरात माणसानं माणसाला भेटायची सोय राहिली नाही हो. मी चहाचा पेला घेऊन गेले तरी विचारतात, वर्दी दिली का?"

वर्गाची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र खांबाची. घोंगडीवर टकटक करता येत नाही. म्हणून उमेदवारानं आत येण्याआधी शेजारच्या लाकडी खांबावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं, अशी पद्धत पडली. वर्षभर सगळ्यांनी खांब वाजवला. मग सिदूला रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कचेरीतून बोलावणं आलं. तो गेला, दारापाशी उभा राहिला, आणि शेजारी खांबच नाही! दार होतं, लाकडाचं होतं, बंद होतं. सिदूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. व्हरांड्याच्या पार टोकाला एक खांब दिसला. तिथवर चालत गेला, दोनदा टकटक केली, चालत परत आला आणि दारापाशी 'कम इन'ची वाट पाहत उभा राहिला. कुणी बोलावलं नाही तेव्हा त्याला वाटलं, आवाज पोचला नसेल. पुन्हा गेला, या वेळी जोरानं. तिसऱ्या खेपेला साहेबानंच दार उघडून पट्टेवाल्याला विचारलं की बाहेर सुतार आला आहे का.

संध्याकाळी ओसरीवर सिदूची चौकशी झाली. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, दार होतं ना समोर?"

"व्हतं की."

"मग दारावर वाजवायचं!"

"दारावर वाजवायचं तुमी कवा शिकिवलं? हितं खांब हाय, आमी खांब वाजिवला. तितं खांब लांब व्हता, मी लांब गेलो. चुकलं काय?"

काकांनी एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा घोंगडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझं नाही चुकलं. माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी एक फळी आणून घोंगडीला टाचली. पण तोवर गोष्ट गावभर झाली होती. सिदूला नोकरी मिळाली, कारण साहेब पोट धरून हसला होता, आणि काकांच्या मते हसलेला साहेब सहसा 'नाही' म्हणत नाही. पण काकांच्या वर्गाला गावानं नाव ठेवलं ते कायमचं. 'घोंगडीचं कॉलेज.'

आता काकांच्या वहीबद्दल. जुन्या सवयीनं त्यांनी वर्गाची बारनिशी ठेवली होती. लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही. आलेल्या मुलाचं नाव, गाव, शिक्षण, आल्याची तारीख. नोकरी लागली की कुठे लागली आणि कधी. मुलगा नोंदवून घेताना काका त्याला एकच उपदेश करत. तो मात्र चेष्टेनं ऐकायचा नसे. "साहेबासमोर जे बोलाल तेच कागदावर असलं पाहिजे, आणि कागदावर आहे तेच बोललं पाहिजे. त्यात तफावत पडली की माणूस संपला. साहेब विसरतो, कागद विसरत नाही." मी हे घोंगडीमागून किती वेळा ऐकलं असेल! ऐकून ऐकून ते मला कवितेसारखं पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या कवितेकडे आपण जितकं लक्ष देतो तितकंच मी त्याच्याकडे देत होते.

मी मोठी झाले. मॅट्रिक झाले, पुण्याला राहून कॉलेजची दोन वर्षं केली आणि परत आले. बाबांच्या मनात माझं लग्न होतं. बार्शीच्या एका घरचं स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं, आणि ते लोक सुनेला घराबाहेर पाठवणारे नव्हते. त्याच सुमारास गावात मुलींची एक नवी शाळा निघाली आणि तिला इंग्रजी शिकवणारी बाई हवी होती. मी बाबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी ते म्हणाले, "अर्ज कर. एकदाच. घेतलं तर बार्शीला मी नकार कळवतो. नाही घेतलं तर वैशाखात लग्न, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही." मुलांनो, तुम्हाला आज दहा ठिकाणी अर्ज करता येतात. मला एक दार होतं आणि ते एकदाच उघडणार होतं.

बोलावणं आलं तो कागद घेऊन मी धावत समोर गेले. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग वही काढली. "नाव?" त्यांनी विचारलं.

"काका, मला काय नाव विचारता?"

"आजवर तू खुर्चीवर होतीस. आता उमेदवार आहेस. नाव सांग." त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण सगळं नोंदवलं. त्या वहीतलं बाईचं ते पहिलं नाव. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे पाहत होते.

आणि मग त्यांची पंचाईत झाली. त्यांचा पहिलाच नियम माझ्यापाशी अडला. मला पगडी नाही, टोपी नाही. बाईनं डोक्यावरचं काढायचं म्हणजे पदर काढायचा की काय? आणि नुसत्या चपला काढल्या, डोक्यावर पदर ठेवला, तर ती देवळात आल्यासारखी दिसणार. चार दिवस काका अस्वस्थ होते. येताजाता मला पाहून मान हलवत. पाचव्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात हजर. हातात त्यांची काळी, लाकडी मुठीची छत्री. "सापडलं," ते म्हणाले. "बाईनं छत्री न्यायची. ऊन आहे, कुणाला नवल वाटणार नाही. आत जाताना छत्री दाराबाहेर ठेवायची. काहीतरी बाहेर ठेवून आत गेलं पाहिजे, बस्स. मग चपला पायात राहू देत." त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मला हसू आलं तरी मी ते दाबलं.

माझ्या सरावाला साहेब कोण होणार? काका त्या खुर्चीवर बसायला कबूल होईनात. "ती जागा आपली नव्हे," एवढंच म्हणाले. मग काकूंनाच बसवलं. मी फळीवर टकटक केली, आत गेले, नमस्कार केला. काकूंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, "भाकरी थापता येते का?"

"अहो, असं नाही विचारायचं!" बाहेरून काका.

"का नाही विचारायचं? मुलींची शाळा आहे. येत असेल तर नोकरी कशाला हवी, नि येत नसेल तर मुलींना काय शिकवणार?" मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पहिल्यात उत्तर, दुसऱ्यात आदर, आणि काकू म्हणाल्या, "घेतली. उद्यापासून ये."

खऱ्या दिवशी बाबांची कोर्टात तारीख होती, म्हणून काका माझ्याबरोबर आले. एप्रिलचं ऊन. शाळेच्या इमारतीत एका खोलीत कमिटी बसली होती. दार सताड उघडं, आणि दाराला पाणी मारलेला वाळ्याचा पडदा. बाहेर एक बाक होतं, त्यावर काका बसले. मी छत्री त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली, चौकटीवर दोनदा वाजवलं आणि आत गेले.

आत चौघं जण होते. मधले अध्यक्ष, गावातले मोठे गृहस्थ, बोलायला मोकळे. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं. वाचायला एक उतारा दिला, मी वाचला. सगळं छान चाललं होतं. त्यांच्या माना हलत होत्या. मग अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून मराठीत म्हणाले, "वा! चांगली तयारी दिसते. चालणं, बोलणं, अगदी मोजून मापून. कुणी तयार केलं तुम्हाला? तुमचं घर त्या गल्लीत ना? घोंगडीच्या कॉलेजातल्या नाहीत ना तुम्ही?"

दुसरे एक जण म्हणाले, "मग खांब शोधला असता त्यांनी!" आणि चौघंही हसले. दुष्टपणानं नाही हसले. गावात सगळेच हसत.

माझ्या डोळ्यांपुढे बार्शी उभी राहिली. मला वाटलं, आता 'हो' म्हटलं की मी या लोकांच्या हसण्यातली एक गोष्ट होणार, आणि गोष्टीला कुणी नोकरी देत नाही. मी हसले. त्यांच्याबरोबर हसले. आणि म्हणाले, "छे, छे. मी त्या वर्गातली नाही. आमच्या समोरच भरतो, म्हणून लहानपणी नुसती बघायला जात होते." आणि तिसरं वाक्यही बोलले. "गंमत वाटायची."

पडद्याआडून सगळं ऐकू येतं, हे सोलापुरात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी तसल्याच पडद्यामागे पाच-सहा वर्षं बसले होते. तरी मला बाहेर येईपर्यंत त्याची आठवण झाली नाही.

मी बाहेर आले. काका उठून उभे होते. त्यांनी छत्री उचलून माझ्या हातात दिली. आत काय झालं ते दाराबाहेर विचारायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता, म्हणून त्यांनी विचारलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. वाटेत ते उन्हाबद्दल बोलले. यंदा विहिरी लवकर आटणार, असं म्हणाले. एका ठिकाणी सावलीत मला उभं करून, "पाणी पितेस का?" म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

आठ दिवसांनी नेमणुकीचा कागद आला. बाबांनी शब्द पाळला, बार्शीला पत्र गेलं. मी पेढे घेऊन समोर गेले. ओसरीवर वर्ग भरला होता. सिदू सुटी काढून मुद्दाम आला होता. तो ओरडला, "काका, आपल्या वर्गातली पयली बाई लागली की हो! आता वहीत ल्ह्या झोकात!"

काका म्हणाले, "नाही. त्या आपल्या वर्गात नव्हत्या. समोर राहतात, म्हणून लहानपणी बघायला येत." त्यांचा आवाज नेहमीसारखा मधला होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. "अभिनंदन, बाई."

सिदूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळेना. मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि आत काकूंकडे गेले. काकू भांडी लावत होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं, रागावून नाही, सांगायला हवं म्हणून. त्या दिवशी उन्हातून आल्यावर काकांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आधी वही काढली, माझ्या नावावर पट्टी ठेवून तांबड्या शाईनं रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, 'नोंद चुकीने झाली.'

"मी म्हटलं, असं का करता? पोरीचं पहिलं नाव ते," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, तिनं आत एक सांगितलंय आणि माझ्या वहीत दुसरं आहे. उद्या कुणी वही पाहायला मागितली तर पोर खोटी पडेल. तिची नोकरी जाईल."

त्या घोंगडीच्या कॉलेजची वही पाहायला जगात कोण येणार होतं? पण काकांना तशी खात्री वाटत नव्हती. त्यांच्या दृष्टीनं कागद आणि तोंड यांत तफावत पडली होती. तोंडाचं झालेलं बदलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी कागद बदलला.

त्या दिवशीच मी बाहेर येऊन मुलांसमोर खरं सांगितलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. मी मागच्या दारानं घरी गेले. मग वाटलं, पहिला पगार झाला की सांगू. मग वाटलं, नोकरी पक्की होऊ दे. एकदा मात्र मी ठरवून गेले होते. नोकरी पक्की झाल्याचा कागद त्याच दिवशी हातात पडला होता. काका एकटेच ओसरीवर बसले होते. मला पाहून ते उठले. माझ्यासाठी ते आयुष्यात कधी उठले नव्हते. आत जाऊन त्यांनी ती साहेबाची खुर्ची आणली, उपरण्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा, बाई." मला म्हणायचं होतं, काका, मला 'ए पोरी' म्हणा. पण मी बसले. खुर्चीत बसल्यावर बोलायचं सुचलं ते शाळेबद्दल, मुलींच्या संख्येबद्दल, परीक्षेबद्दल. ते उभ्यानं ऐकत होते, मधेमधे मान हलवत होते. मी उठले तेव्हा ते ओसरीच्या कडेपर्यंत पोचवायला आले आणि माझ्याकडे पाठ न करता तीन पावलं मागे गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मी तेव्हा शाळेच्या मुलींना घेऊन सहलीला गेले होते. परत आले तेव्हा दिवसही झाले होते. काकू भावाकडे दुधनीला निघून गेल्या. जाताना त्यांनी घरातलं बरंच सामान वाटून टाकलं. वहीचं काय झालं ते मला विचारायचं होतं, पण त्या गाडीत बसल्या तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढे पत्रातून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. ओसरीच्या जागी नंतर तयार कपड्यांचं दुकान झालं, आता तिथे मोबाइल विकतात. लग्न, संसार, तुमच्या आजोबांची आजारपणं, हेडमिस्ट्रेसची खुर्ची, सगळं मी त्या एका दारातून आत गेल्यामुळे मला मिळालं. माझ्याकडे पुढे कितीतरी मुलं आणि मुली नोकरी मागायला आल्या. त्यांना मी आल्याबरोबर बसायला सांगत असे. बस्स, तेवढंच मला करता आलं.

सिदू मालधक्क्यावरून बढती घेत घेत चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झाला. म्हातारपणी कधीतरी भेटायला यायचा. मी एकदा त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "ताई, काकांनी रेघ मारली ती वहीत. वर्गात कोण कोण व्हतं ते आमाला ठावं हाय की." पुढे सिदूही वारला. बाकीची मुलं त्याच्या आधीच एकेक करत गेली होती.

तेव्हा मिलिंद, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. आमच्या काळी असा वर्ग होता. त्यात शिकलेल्यांपैकी आता एक विद्यार्थिनी उरली आहे, आणि ती सोलापुरातच राहते.